चार नंबरचा पाळणा

"तिथं नको," जमना म्हणाली. "दुसरीकडे कुठं पण ठेवा. तिथं नको."

तिनं पोरीला पोलक्याच्या आत, छातीशी घट्ट धरलं होतं. बाहेर फक्त लोकरीची पिवळी टोपी दिसत होती, मोसंबीएवढी. रिबेका सिस्टर तिच्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. मी दारापाशी माझा स्वॅबच्या काड्यांचा डबा घेऊन उभी होते. एखाद्या बाळंतिणीचं बोलणं ऐकत उभं राहणं बरं नव्हे, हे कळत होतं, पण पाय निघत नव्हता.

"अगं बये, चार नंबरला जायला बाकीच्या आया नवस बोलतात," सिस्टर म्हणाल्या. "चार नंबर म्हणजे पोरगी पास झाली. सलाईन नाही, डोक्यावर उबेचा दिवा नाही, नाकातली नळीही उद्या निघेल. आता दूध प्यायचं, अंग धरायचं आणि घरी पळायचं."

"चार नंबरची पोरं घरी नाही जात."

"मग कुठं जातात?"

जमनानं खोलीच्या मागच्या दाराकडे हनुवटी केली. त्या दारानं काय नेतात ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सिस्टरांचा हसरा चेहरा क्षणभर तसाच राहिला, आणि मग हळूहळू उतरला.

तेवढ्यात डॉ. मोमीन आत आले. बालरोगतज्ज्ञ तेच एकटे होते. तीन दिवसांची दाढी, खिशाला शाईचा डाग. सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "ऐकलंत मॅडम? आता मी वर अहवाल पाठवतो. खिडकीकडचा पाळणा शापित आहे, कृपया मांत्रिकाचं पद मंजूर करावं." मग आवाज बदलून ते जमनाला म्हणाले, "ताई, एक नंबरचा दिवा रिकामा करून द्यावा लागेल. बाहेर रुग्णवाहिकेत एक पोर निळं पडलंय. तुझी बरी आहे. ते नाही."

जमनानं बाहेर पाहिलं. मग पोलक्याची गाठ सोडली.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. मी चोवीस वर्षांची होते, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी दवाखान्यात कंत्राटावर आले होते. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं वाचवण्यासाठी तिथं सहा खाटांचा कक्ष उघडला होता. पूर्वी अशा शंभर बाळांतली वीस-बावीस जायची. डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी वर्षभरात ती आठ-नऊवर आणली. मग सप्टेंबरपासून आकडा पुन्हा वर सरकू लागला. जंतुसंसर्ग कुठून होतो ते शोधणं हे माझं काम होतं. मी नळ तपासले, बेसिन, गाद्या, ऑक्सिजनच्या बाटल्या, दाराच्या कड्या, डॉक्टरांची नखं. काही निघत नव्हतं.

रिबेका गावित सिस्टर नवापूरकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. मला 'जंतूबाई' म्हणायच्या. "जंतूबाई, जेवलीस का? की आज पण जंतूच खाल्लेस?" असं म्हणून डब्यातली नागलीची भाकरी अर्धी माझ्यापुढे करायच्या. त्यांच्या हाताला यश होतं. ज्या पोराची शीर कुणाला सापडायची नाही, ती त्यांना सापडायची.

चार नंबरच्या पाळण्याबद्दल आयांमध्ये कुजबुज आहे हे मी आठवडाभर ऐकत होते. आधी हसायचं आणि मग मोजायचं, अशी माझी सवय होती. त्या शुक्रवारी मी हसणं संपवलं आणि दुपारी रजिस्टर घेऊन बसले.

सप्टेंबरपासून चार नंबरच्या पाळण्यात अकरा बाळं राहून गेली होती. त्यातली पाच दगावली होती.

मी पुन्हा मोजलं. बाकीच्या पाच जागी मिळून तिघं गेली होती, तीही पहिल्या-दुसऱ्या दिवशी, आणि प्रत्येकाचं कारण समोर दिसत होतं. चार नंबरची तशी नव्हती. ती सहाव्या, आठव्या, दहाव्या दिवशी गेली होती. त्यांचं वजन रोज पंधरा-वीस ग्रॅमनं वाढत होतं. रजिस्टरात सिस्टरांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'तब्येत चांगली', 'दूध चांगले घेते', आणि दुसऱ्या दिवशीच्या ओळीत, 'पोट फुगले', 'दूध घेत नाही', 'अंग गार'.

जी बरी होत होती तीच जात होती.

मग मी मागची पानं उलटली. जानेवारी ते ऑगस्ट, त्याच पाळण्यात चव्वेचाळीस बाळं राहिली होती. गेलं होतं एकच. म्हणजे पाळणा तोच, खिडकी तीच. बदललं होतं दुसरंच काहीतरी.

"सिस्टर," मी विचारलं, "ऑगस्टच्या शेवटी इथं नवीन काय झालं?"

"तू आलीस," सिस्टर म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

"आणि?"

"आणि उकळायचं मशीन जळालं. अर्ज तीनदा दिलाय. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं की पहिला अर्ज परत पाठवा."

"मग बोंडली कशात उकळता?"

आमच्याकडे बाळांना बाटली द्यायची नाही असा नियम होता. ज्यांना अंगावर ओढता येत नाही त्यांना आईचं काढलेलं दूध बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीनं पाजायचं. प्रत्येक पाजणीनंतर बोंडलं वीस मिनिटं उकळायचं. कक्षात एका वेळी बोंडल्यानं दूध घेणारं एखाददुसरंच बाळ असायचं, आणि ते चार नंबरला ठेवत, कारण आयांच्या खोलीचं दार तिथून जवळ होतं.

सिस्टरांनी कपाट उघडून एक मोठा स्टीलचा थर्मास पुढे ठेवला. झाकणाला पोचा पडला होता. "हा आमच्या साहेबांचा. एस.टी.त होते, रातराणीला जाताना चहा न्यायचे. ते गेल्यापासून घरी पडून होता. आता सकाळी सातला खाली स्वयंपाकघरात पाणी खळखळा उकळते, यात भरते आणि बोंडली आत सोडते. पाजलं, धुतलं, की परत आत. दिवसभर गरमच्या गरम. संध्याकाळी परत नवं पाणी. तुमच्या मशीनपेक्षा बरं. तिन्ही पाळ्यांच्या पोरींना मीच शिकवलंय."

मी झाकण काढलं. आतून वाफ आली नाही. पाण्याला अगदी पुसट असा दुधाचा वास होता. मी खिशातला थर्मामीटर आत सोडला आणि मिनिटभर थांबले.

एकोणचाळीस.

आमच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायची पेटी असते. तिचा काटा आम्ही सदतिसावर ठेवतो.

"सिस्टर, यातलं थोडं पाणी घेऊ?"

"चहाला?"

"तपासायला."

"उकळलेलं पाणी तपासणार? घे बाई, घे. उद्या मीठ खारट आहे का तेही तपास."

शुक्रवारी चार वाजता मी ते पाणी जंतूंच्या खाद्याचा थर असलेल्या प्लेटवर पसरून पेटीत ठेवलं. शनिवारी दुपारी एक वाजता प्लेट बाहेर काढून उजेडात धरली.

ती भरून गेली होती. जंतूंच्या गुलाबी, फुगीर, चिकट वसाहती एकमेकींत मिसळून गेल्या होत्या, साबुदाण्याची खीर सांडावी तशा. गेलेल्या पाच बाळांपैकी तिघांच्या रक्तात अशाच वसाहती वाढल्या होत्या, त्या मी स्वतः पाहिल्या होत्या.

मी प्लेटच्या पाठीवर तारीख आणि वेळ लिहिली. माझं काम तसं संपलं होतं. पण हातात ती एकच प्लेट होती.

इथं मला कलाबाईंचं सांगायला हवं. कक्षातली फरशी पुसणाऱ्या कलाबाईंच्या बादलीतल्या पाण्यात सप्टेंबरच्या शेवटी मला जंतू सापडले होते. मी त्याच दिवशी कागदावर लिहून दिलं. दोन दिवसांत त्यांचं कंत्राट संपवलं गेलं. आठवड्यानं कळलं की माझ्या माध्यमाची, म्हणजे जंतूंच्या खाद्याची, ती बाटलीच दूषित होती. काहीही न टाकता नुसती ठेवलेली प्लेटही भरली होती. ती नुसती प्लेट मी आधी ठेवायला हवी होती. हे सांगायला मी कलाबाईंच्या घरी गेले तर दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, ऊसतोडीला गेली, लेकरांना घेऊन.

आणि आता ही प्लेट. या वेळी नाव निघणार होतं ते रिबेका सिस्टरांचं. पाच बाळं, आणि त्यांच्या नवऱ्याचा थर्मास. पुन्हा माझीच चूक असेल तर? मी ठरवलं, आणखी तीन नमुने घ्यायचे, शेजारी एक कोरी प्लेट ठेवायची, आणि मगच बोलायचं. तसं ठरवून मी वर गेले.

वर सगळा कक्ष चार नंबरभोवती जमला होता. जमनाच्या मुलीची बोंडल्यानं पहिली पाजणी होती.

सिस्टरांनी पोरीला डाव्या मांडीवर अर्धवट बसतं धरलं होतं. थर्मासमधलं बोंडलं काढून झटकलं, त्यात जमनाचं दूध घेतलं. त्याची चोच पोरीच्या ओठांच्या कोपऱ्याशी टेकवली. पोरीनं आधी तोंड वाकडं केलं. मग जीभ बाहेर आली, मांजरासारखी, आणि एक घोट गेला. सगळ्यांना ऐकू येईल असा.

"प्याली!" जमना म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच असा ऐकला.

"पिणारच. चौदाशे वीस ग्रॅमची बाई आहे ती," सिस्टर म्हणाल्या. "काय नाव ठेवणार गं?"

"बाप आल्यावर. गुजरातला गेला कामाला. दिवाळीला येतो."

"मग दिवाळीपर्यंत हिला बाई म्हणू. घ्या बाई, अजून एक घोट घ्या."

मी पाळण्याच्या कडेला हात टेकून उभी होते. माझ्या खिशात रिकाम्या बाटल्या होत्या. दुसरा घोट गेला. तिसरा गेला.

"सिस्टर," मी म्हटलं, "ते पाणी... जरा जास्त वेळा बदललं तर?"

त्यांनी वर पाहिलं. "का गं? काही निघालं का?"

डॉ. मोमीन तिथं नव्हते. जमना माझ्याकडे बघत नव्हती, ती पोरीच्या गळ्याकडे बघत होती. मला एक वाक्य बोलायचं होतं.

"अजून नाही," मी म्हटलं. "बघतेय."

"निघालं की सांग. तोवर बाईच्या पोटात दूध जाऊ दे."

मी तीन नमुने घेतले आणि खाली आले.

रविवारी प्रयोगशाळा बंद असायची. किल्ली चौकीदाराकडे असे, मागितली असती तर मिळाली असती. मी केस धुतले, आठवड्याचे कपडे धुतले. दोनदा चप्पल पायात घातली, दोनदा काढली. चोवीस तास पुरे झाल्याशिवाय प्लेट पाहण्यात अर्थ नाही, असं मी स्वतःला सांगितलं. दुपारी तीनला चोवीस तास पुरे झाले. मग मी स्वतःला सांगितलं की पुढची ओळख पटवायची चाचणी सोमवारशिवाय करता येणार नाही, तेव्हा आज बघून तरी काय. ते खरंच होतं. त्या दोन दिवसांत मी स्वतःला जे जे सांगितलं ते सगळं पुस्तकात छापलेलं सापडेल.

सोमवारी आठला मी पेटी उघडली. तिन्ही प्लेट भरलेल्या होत्या. चौथी, कोरी, स्वच्छ होती. काचेसारखी.

मी प्लेट हातात घेऊन जिन्यानं पळत वर गेले.

चार नंबरचा पाळणा रिकामा होता. जमनाची मुलगी पुन्हा एक नंबरच्या दिव्याखाली होती. पोट ताणून चकाकत होतं, त्यावरच्या शिरा पेन्सिलीनं काढल्यासारख्या दिसत होत्या. अंगाचा रंग राखेसारखा. सिस्टर दोन बोटांनी श्वासाचा फुगा दाबत होत्या आणि तोंडानं मोजत होत्या. डॉ. मोमीन शीर शोधत होते. पहाटे चारची पाजणी तिनं घेतली नव्हती, ओठांवरून दूध तसंच ओघळलं होतं.

"सर," मी म्हटलं, "थर्मास."

"काय?"

"थर्मासमधल्या पाण्यात जंतू आहेत. क्लेब्सिएला असणार. तिन्ही प्लेट. पाणी दुपारपर्यंत कोमट होतं, बोंडल्याला दुधाचा अंश राहतो, त्यावर ते वाढतात."

डॉक्टरांनी माझ्या हातातल्या प्लेटकडे पाहिलं, मग कपाटाकडे. "तो बाहेर काढा. आत्ता. कुणालाही बोंडलं द्यायचं नाही," ते म्हणाले आणि पुन्हा त्या दोरीएवढ्या हातावर वाकले.

सिस्टरांचं मोजणं थांबलं नाही. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. फक्त त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांचा आवाज दर आकड्याला बारीक होत गेला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातून काढला.

जमना भिंतीशी बसली होती. पोरीला तिच्या मांडीवर दिलं तेव्हा तिनं आधी टोपी नीट केली. मग आमच्या तिघांकडे एकेक करून पाहिलं.

"मी बोलली होती," ती म्हणाली. "तिथं नको बोलली होती."

त्या दिवसानंतर पुढच्या मार्चअखेरपर्यंत त्या कक्षात बरं होत आलेलं एकही बाळ गेलं नाही. उकळायचं नवं मशीन आठ दिवसांत आलं, प्रत्येक बाळाला दोन वेगळी बोंडली मिळाली, आणि थर्मासबंदीचा कागद आधी जिल्ह्यात आणि मग इतर जिल्ह्यांत गेला. मी हे पुढे कितीतरी सभागृहांत तक्त्यासह सांगितलं आहे. दोन देशांतल्या दवाखान्यांत सांगितलं आहे. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. तक्त्यात महिने असतात, वार नसतात.

त्या सोमवारी दुपारी रिबेका सिस्टर चादरींच्या खोलीत लाकडी पेटीवर बसून खुलासा लिहीत होत्या. डॉक्टरांनी मागितला नव्हता. मी दारात उभी राहिले.

"ये," त्या म्हणाल्या. "जेवलीस?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच कळलं नाही.

"मी मोजत होते," त्या म्हणाल्या. "शनिवारी दोन वाजल्यापासून, दर दोन तासांनी. वीस पाजण्या झाल्या. त्यातल्या माझ्या हातच्या आठ." त्यांनी आपले तळवे उलटून पाहिले. "आणि त्या आधीच्या पाच लेकरांच्या मोजायला बसले तर आकडा लागेना. मी पाणी उकळत होते गं. रोज उकळत होते."

"सिस्टर, तुम्हाला कसं कळणार होतं? कुणालाच कळलं नसतं."

"तुला कळलं ना." त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. त्या सरळ विचारत होत्या. "कधी कळलं तुला?"

ती खोली लहान होती. चादरींना साबणाचा वास येत होता. खाली माझ्या टेबलाच्या खणात शनिवारची प्लेट होती आणि तिच्या पाठीवर माझ्याच अक्षरात तारीख आणि वेळ होती.

"आज," मी म्हटलं. "आज सकाळी आठ वाजता."

"शनिवारी मी तुला विचारलं होतं."

"तेव्हा काहीच नव्हतं."

त्यांनी मान हलवली. "हं. मग तू तरी काय करणार," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लिहू लागल्या. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे दिला. त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं होतं. कुणाचं नाव नाही, मशीनचं नाही, तीन अर्जांचं नाही. शेवटच्या ओळीत होतं, 'सोमवारी सकाळी प्रयोगशाळेकडून समजताच बोंडले देणे तत्काळ थांबविले.' खाली 'समक्ष' असं लिहून त्यांनी जागा सोडली होती.

मी सही केली. सोमवारची तारीख घातली. पेन परत देताना ते खाली पडलं आणि मला रडू आलं.

सिस्टर उठल्या आणि मला जवळ घेतलं. त्यांच्या एप्रनला अजून त्या पोरीचा, दुधाचा वास होता.

"रडू नकोस," त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "तू वेळेवर सांगितलंस, म्हणून बाकीची वाचली."